वेंडिगोची भूक आणि दोन भाऊ

२० सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेतील ‘डब्ल्यूबी’ या, आता अस्तित्वात नसलेल्या, दूरचित्रवाणी वाहिनीवरून ‘सुपरनॅचरल’ या भयमालिकेचा दुसरा भाग दाखविण्यात आला. त्याचे नाव ‘वेंडिगो’. ही मालिका पुढे पंधरा पर्वे चालली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ३२७ भागांनंतर संपली. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातील एकाच भागाचा, तोही इतक्या वर्षांनी, विचार करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, या भागात जो राक्षस आहे तो कोणा लेखकाच्या कल्पनेतून जन्मलेला नाही. तो उत्तर अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांनी उपासमारीच्या शेकडो हिवाळ्यांत घडविलेला आहे. त्याला मारावयास निघालेले दोन भाऊही केवळ पडद्यावरचे नाहीत. तसे दोन भाऊ खरोखरीच होऊन गेले, आणि त्यांच्या वाट्याला जे आले ते पडद्यावरच्या भावांच्या वाट्याला आलेल्या यशाहून फार निराळे होते.

कथानक थोडक्यात असे. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ बेपत्ता झालेल्या वडिलांच्या शोधात कोलोराडो राज्यातील एका अरण्यात येऊन पोहोचतात. त्यांची आई १९८३ साली एका अमानुष शक्तीच्या हातून मारली गेलेली आहे आणि तेव्हापासून भुताखेतांची शिकार हाच या कुटुंबाचा व्यवसाय होऊन बसला आहे. त्याच अरण्यात टॉमी नावाचा एक तरुण मित्रांसह तळ ठोकून असताना नाहीसा झाला आहे. त्याची बहीण हेली आणि धाकटा भाऊ बेन त्याला शोधावयास निघाले आहेत. आईबाप नसलेली ही तीन भावंडे आणि ते दोघे भाऊ यांची गाठ पडते. रात्री तंबूबाहेरून माणसाच्या आवाजात मदतीची हाक येते. ती हाक माणसाची नसते. वाटाड्या मारला जातो. शेवटी एका ओसाड खाणीत टॉमी जिवंत सापडतो, कारण त्या प्राण्याला आपले भक्ष्य मारून न टाकता साठवून ठेवण्याची सवय आहे. (अर्थशास्त्राच्या भाषेत हा राक्षस पक्का साठेबाज आहे, टंचाईच्या काळासाठी माल दडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याशी त्याचे साधर्म्य लेखकांच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे.) डीन इशाऱ्याच्या दारूकामाचे पिस्तूल झाडतो, राक्षस आतून पेट घेऊन जळतो आणि भाग संपतो.

करमणूक म्हणून हा भाग वाईट नाही. दोन भावंडांच्या जोड्या समोरासमोर ठेवण्याची योजना तर विचारपूर्वक केलेली दिसते. एक बहीण नोकरीधंदा सोडून भावासाठी रानात शिरते, तेव्हा आपल्या वडिलांनी आपल्याला या धंद्यात का ओढले याचे उत्तर सॅमला अप्रत्यक्षपणे मिळते. नात्याच्या या ओढीनेच मालिका पंधरा वर्षे तगली. राक्षस दर आठवड्याला बदलत गेले, भाऊ तेच राहिले. त्यांच्या धंद्याला उत्पन्न मात्र काहीच नाही. वाचविलेल्या माणसांकडून ते पैसे घेत नाहीत आणि खोट्या नावांच्या क्रेडिट कार्डांवर गुजराण करतात. समाजाला उपयुक्त असणारे, पण बाजारात ज्याला भाव नाही असे काम शेवटी कोणाच्या खर्चाने चालते, हा प्रश्न या निमित्ताने कोणी विद्यार्थ्यांपुढे ठेवला तर तो पाठ्यपुस्तकातील दीपस्तंभाच्या उदाहरणापेक्षा अधिक चटकन समजेल.

खरी अडचण राक्षसाच्या बाबतीत आहे. वेंडिगो हा एके काळी माणूसच होता, कधी आदिवासी, कधी खाणकामगार वा शिकारी. कडक हिवाळ्यात उपासमार झाली, जगण्यासाठी त्याने माणसाचे मांस खाल्ले आणि तो असा झाला, हे डीन सांगतो. पण ते चार-सहा वाक्यांत उरकून टाकतो. त्यानंतर उरतात ती नखे, किंकाळ्या आणि आग. संरक्षणासाठी तो जमिनीवर जी चिन्हे काढतो ती अनासाझींची, म्हणजे नैर्ऋत्येकडील कोरड्या मुलखात दगडी वस्त्या बांधून राहिलेल्या लोकांची. वेंडिगोशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. पंजाबातल्या भुताला कोकणातल्या देवचाराचा उतारा द्यावा तसाच हा प्रकार. हा प्राणी मिनेसोटा-मिशिगनकडचा, इतक्या पश्चिमेला कधी ऐकला नव्हता, अशी कबुली डीनच्याच तोंडी घालून लेखकांनी निदान एवढा प्रामाणिकपणा दाखविला आहे. परंतु मिनेसोटा-मिशिगनकडेच तो का, आणि त्याहूनही उत्तरेला, कॅनडातील अरण्यांत, तो अधिक का, या प्रश्नाकडे कॅमेरा वळतच नाही.

वेंडिगो हा क्री, ओजिब्वे, इनू आदी अल्गॉन्क्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांचा. पंचमहासरोवरांपासून हडसनच्या उपसागरापर्यंत आणि पूर्वेला लॅब्राडॉरपर्यंत पसरलेल्या अरण्यात ही माणसे लहान लहान कौटुंबिक टोळ्यांनी हिवाळा काढीत. शिकार हुकली तर दुसरा आधार नाही, शेजारी कित्येक मैलांवर, आणि बर्फ वितळावयास अजून दोन महिने, अशा स्थितीत माणसाच्या मनात सर्वांत भयंकर असा जो विचार येऊ शकतो त्याला त्यांनी वेंडिगो हे नाव दिले. त्याचे काळीज बर्फाचे असते. तो हाडाडलेला असतो आणि खाल्ल्याने त्याची भूक शमत नाही; उलट जेवढे खाल्ले तेवढे त्याचे शरीर वाढते आणि शरीर वाढले की भूकही वाढते. पोट भरणे हा प्रकार त्याच्या बाबतीत संभवतच नाही.

मराठी वाचकाला यातील काही भाग ओळखीचा वाटेल. कितीही खाल्ले तरी तृप्ती नाही अशा अवस्थेला आपल्याकडे भस्म्या म्हणतात. घरात एखादा पोरगा भाकरीमागून भाकरी संपवू लागला की आजी हाच शब्द वापरते. पण भस्म्या हा रोग आहे, त्याला वैद्य आहे. दुसरे उदाहरण एकचक्रा नगरीच्या बकासुराचे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस असा त्याचा ठरलेला रतीब होता. म्हणजे त्याच्या भुकेला माप होते आणि तो नगरीबाहेरचा होता. वेंडिगो घरातला असतो. काल ज्याच्याशी शिकार वाटून खाल्ली तो उद्या वेंडिगो होऊ शकतो, किंबहुना आपण स्वतः होऊ शकतो. या भीतीचा धाक एवढाच, की जे मिळेल ते वाटून खावे, हिवाळ्यात एकट्याने चुलीवर काही शिजवू नये.

ही कल्पना गोऱ्या माणसाच्या आगमनानंतर जन्मली असे मात्र म्हणता येत नाही. सतराव्या शतकातील जेझुइट धर्मप्रचारकांच्या वृत्तांतांत अशा नरभक्षकाचे उल्लेख आढळतात. तथापि १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हडसन्स बे कंपनीला सनद दिल्यानंतर या अरण्यात जे घडले त्याने भुकेचे स्वरूप पालटले, हे नाकारता येणार नाही. बीव्हर या प्राण्याच्या कातड्याला युरोपात हॅटसाठी मागणी होती. कंपनीच्या ठाण्यांवर बंदूक, घोंगडी, भांडी यांच्या किंमती बीव्हरच्या कातड्यांतच मोजल्या जात. कातडे हेच चलन झाले तेव्हा बीव्हर हे अन्न राहिले नाही. त्याची संख्या घटत गेली आणि कंपनीच्या पिठा-दारूगोळ्यावरचे अवलंबन वाढत गेले.

या संदर्भात एक गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एलिनॉर लीकॉक या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९५४ साली लॅब्राडॉरमधील इनू लोकांचा, ज्यांना त्या काळी मोंतान्ये म्हणत, अभ्यास प्रसिद्ध केला. शिकारीच्या जमिनीची खासगी वाटणी या लोकांत पूर्वापार नव्हती, ती कातड्यांच्या व्यापाराबरोबर आली, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९६७ साली हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात हाच दाखला घेतला आणि संसाधनाचे मूल्य वाढले की मालकीहक्क निर्माण होतात, असा सिद्धान्त त्यावर उभा केला. पदव्युत्तर वर्गांत तो निबंध अजूनही वाचला जातो. त्यात एक लहानसा तपशील येऊन जातो, ज्याकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. भुकेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हद्दीतला बीव्हर मारून खाल्ला तर तो गुन्हा नव्हता. फक्त कातडे आणि शेपूट त्याने मालकासाठी मागे ठेवावयाचे असे. व्यापार आला, मालकी आली, हद्दीच्या खुणा झाडांवर उमटल्या, तरीही पोटासाठी मारणे वेगळे आणि विकण्यासाठी मारणे वेगळे, हा भेद त्या लोकांनी सोडला नाही. ज्यांच्या लोककथांत वेंडिगोसारखा राक्षस आहे त्यांनाच हा भेद इतका स्पष्ट दिसावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. डेमसेट्झ यांच्या सिद्धान्ताला मात्र या भेदाची गरज पडली नाही.

भूक आणि हाव यांतला फरक १८७९ सालच्या एका खटल्यातही दिसून आला. आजच्या अल्बर्टा प्रांतातील स्विफ्ट रनर या क्री शिकाऱ्याने १८७८-७९ च्या हिवाळ्यात आपल्या बायकामुलांना ठार करून त्यांचे मांस खाल्ले. त्या काळात कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून गव्यांचे कळप नाहीसे झाले होते आणि सर्वत्र उपासमार होती, हे खरे. पण कंपनीचे ठाणे, जेथे धान्य मिळू शकले असते, ते अवघे पंचवीस मैलांवर होते. डिसेंबर १८७९ मध्ये फोर्ट सॅस्कॅचेवान येथे त्याला फाशी देण्यात आले. दुष्काळात माणसे अन्न नसते म्हणून मरत नाहीत, अन्नापर्यंत पोहोचण्याचा अधिकार नसतो म्हणून मरतात, हा अमर्त्य सेन यांचा १९८१ सालचा सिद्धान्त येथे सरळ लागू करण्याचा मोह होईल. परंतु तो करू नये. स्विफ्ट रनरला ठाण्याची वाट मोकळी होती असे दिसते. म्हणूनच त्याच्या लोकांना ही नुसती भूक वाटली नाही, वेंडिगो वाटला. भुकेने सुरू झालेली गोष्ट भुकेपाशी थांबली नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आता आपल्याकडील अकरावीचे अर्थशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडावे. मानवी गरजा अमर्यादित आहेत आणि त्या भागविण्याची साधने मर्यादित आहेत, हे विधान पहिल्या काही पानांतच भेटते. त्याचे मूळ लायोनेल रॉबिन्स यांच्या १९३२ सालच्या व्याख्येपर्यंत नेता येते. मात्र रॉबिन्स यांचा भर निवडीवर होता, अमर्यादतेवर नव्हे. विधान सोयीचे आहे, त्यावाचून पुढची आकृती काढता येत नाही. पण शिक्षक ते फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी वहीत उतरवून घेतो तेव्हा विश्लेषणाच्या सोयीसाठी केलेले गृहीतक मनुष्यस्वभावाचे वर्णन होऊन बसते. ज्या अवस्थेला ओजिब्वे लोकांनी रोगाहून भयंकर मानले आणि जिला आवर घालण्यासाठी शेकडो गोष्टी रचल्या, तिला हे शास्त्र सर्वसामान्य माणसाची अवस्था समजून पुढे जाते. बेसिल जॉन्स्टन या ओजिब्वे लेखकाने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिहिले, की वेंडिगो नाहीसे झालेले नाहीत, अरण्ये तोडणाऱ्या व्यापारी महामंडळांच्या रूपाने ते शहरांत राहावयास आले आहेत. टीका म्हणून हे जरा ढोबळ आहे. महामंडळाला काळीज नसते, बर्फाचेही नसते. आणि ते मरूही शकते. हडसन्स बे कंपनीचेच पाहावे. कातड्यांचा व्यापार संपल्यावर ती विभागीय दुकानांची कंपनी झाली आणि कर्जाच्या ओझ्याखाली २०२५ च्या जून महिन्यात, ३५५ वर्षांनी, तिची सर्व दुकाने बंद झाली. पण जॉन्स्टन यांचा रोख बरोबर जागी आहे. आवश्यकतेपेक्षा अधिक हवे असणे ही नेमकी कोणत्या टप्प्यावर विकृती ठरते, हे विचारण्याची सोय त्यांच्या भाषेत आहे, अर्थशास्त्राच्या भाषेत नाही. दूरचित्रवाणीच्या लेखकांना हा राक्षस हाती लागला होता, आणि त्यांनी त्याला नुसता वेगाने पळायला लावला.

त्या दोन खऱ्या भावांची गोष्ट आता सांगावयास हवी. ओंटारिओच्या वायव्येला, सेव्हर्न नदीच्या वरच्या अंगाला सकर कुळाची वस्ती होती. जॅक फिडलर हा त्या कुळाचा प्रमुख आणि मांत्रिक, जोसेफ हा त्याचा भाऊ. वेंडिगोला पराभूत करणारा अशी जॅकची ख्याती होती आणि आयुष्यात चौदा वेंडिगो मारल्याचे तो सांगे. १९०६ साली जोसेफची सून अत्यंत आजारी पडली, तिला असह्य वेदना होत होत्या आणि तिची शुद्ध हरपत चालली होती. ती वेंडिगो होणार असे ठरवून दोघा भावांनी तिचा गळा आवळला. १९०७ च्या उन्हाळ्यात घोडेस्वार पोलिसांनी दोघांना पकडून विनिपेग सरोवराच्या उत्तरेकडील नॉर्वे हाउस येथे आणले. ज्या कुळाने तोवर कॅनडा सरकारशी कोणताही करार केला नव्हता त्याला त्या सरकारचा कायदा प्रथम भेटला तो असा.

फिडलर बंधूंना वीर ठरविण्याचे कारण नाही. मेलेली बाई आजारी होती, राक्षसीण नव्हती. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांचे जीव घेतले गेले आहेत आणि २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रकरणातील श्रद्धेचे कौतुक वाटणार नाही. ‘वेंडिगो मनोविकृती’ नावाचा रोग म्हणून ज्याचे वर्णन अनेक वर्षे केले गेले, त्याचा भरवशाचा पुरावाच नाही, असे लुई मरानो या अभ्यासकाने १९८२ साली दाखविले. माणसे मारली गेली ती बव्हंशी वेंडिगोने नव्हे, वेंडिगोच्या भयाने, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही एक गोष्ट उरते. जेथे रुग्णालय नाही, वैद्य नाही, वेड्यांची व्यवस्था नाही आणि हिवाळ्यात एका माणसाचे भान सुटले तर साऱ्या टोळीचा जीव धोक्यात, तेथे कोणाला तरी निर्णय घ्यावा लागे. तो निर्णय त्या दोघांनी स्वतःच्या सुनेच्या बाबतीत घेतला. दोनशे वर्षांहून अधिक काळ त्या मुलखातून कातडी नेणाऱ्यांनी तेथे वैद्य पाठविला नव्हता. पोलीस मात्र पाठविले.

३० सप्टेंबर १९०७ रोजी जॅक पहाऱ्यातून निसटला आणि त्याने गळफास घेतला. जोसेफवर ऑक्टोबरमध्ये खटला चालला, फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती जन्मठेपेत बदलली. त्याला सोडावे म्हणून धर्मप्रचारकांनी अर्ज केले. कंपनीच्या व्यापाऱ्यांनीही केले. सुटकेचा हुकूम निघाला, तो स्टोनी माउंटनच्या तुरुंगात पोहोचला तेव्हा जोसेफला मरून तीन दिवस झाले होते. ते साल १९०९. पुढच्याच वर्षी जॅकचा मुलगा रॉबर्ट याने पाचव्या क्रमांकाच्या करारावर सही केली आणि त्या कुळाची भूमी कॅनडा सरकारच्या ताब्यात गेली.

‘सुपरनॅचरल’च्या त्या भागाच्या शेवटी पोलीस येतात, रुग्णवाहिका येते. जंगलात काय घडले असे अधिकारी विचारतात तेव्हा धाकटा बेन सांगतो, की अस्वलाने हल्ला केला, आणि ते तसेच लिहून घेतले जाते. दोघा भावांना कोणी काही विचारीत नाही. सॅम गाडी चालवावयास मागतो, डीन किल्ल्या त्याच्याकडे फेकतो, आणि १९६७ सालची ती काळी शेव्हरोले रस्त्याला लागते.